शहाण्याने चढावी अशी पायरी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर, किंचित संक्षेप करून.)



विघ्नहर्त्याला वंदन करून सुरुवात करतो. या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर अशी मोठी मंडळी बोलतात. यंदा समितीने आमच्यासारख्या राज्य शासनाच्या नोकराला उभे केले आहे. आमचे शिक्षण डिप्लोमापर्यंत. कायद्याशी आमचा संबंध एवढाच, की खात्यावर दावा लागला म्हणजे नस्ती काखेत मारून साहेबांबरोबर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात जायचे आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहायचे. तिथे बसल्या बसल्या पुष्कळ दिसते. चार ओळींत प्रकरण उभे करणारे वकील दिसतात आणि अर्धा तास बोलून न्यायाधीशांना काहीच न सांगणारेही दिसतात. ही माणसे घडतात कुठे, असे कुतूहल वाटले आणि त्यातून थोडे वाचन झाले. त्यातलेच आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

विषय आहे मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, म्हणजे शासकीय विधी महाविद्यालय. आशियातले सर्वांत जुने लॉ कॉलेज म्हणून ते ओळखले जाते. इंदुरात बसून मुंबईच्या कॉलेजची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला दोन कारणे आहेत. ज्यांनी गणपती घरातून चौकात आणला ते लोकमान्य टिळक याच कॉलेजचे विद्यार्थी. आणि या कॉलेजचे एक प्राचार्य इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, आपल्या महूला जन्मले होते.

वर्गणीतून उभे राहिलेले कॉलेज

आपल्या मंडळींना वर्गणीचे महत्त्व सांगायला नको. हे कॉलेजही वर्गणीतून निघाले. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच मंडळावर नाना शंकरशेट होते. दोघांचा मोठा वाद झाला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे, असे पेरी म्हणत. सामान्य माणसापर्यंत विद्या पोचायची तर ती त्याच्या भाषेतूनच द्यायला हवी, असे नाना म्हणत. पण मतभेद ते मतभेद आणि काम ते काम. पेरी हिंदुस्थान सोडून गेले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने निधी जमवला आणि त्यातून कायद्याचे अध्यासन निघाले. या कामात नानांचाही हात होता. १८५५ साली एल्फिन्स्टनमध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. म्हणजे विद्यापीठाच्या आधी दोन वर्षे हे वर्ग चालू होते. ‘पेरी प्रोफेसर’ हे पद पुढे कॉलेजात मानाचे ठरले.

सुरुवातीच्या पिढीत न्यायमूर्ती रानडे आहेत. ते १८६६ साली एलएल.बी. झाले. टिळक झाले १८७९ साली. एम.ए. सोडून ते कायद्याकडे वळले. त्यांनी नेहमीची वकिली केली नाही, पण पुण्यात कायद्याचा वर्ग चालवून पुष्कळांना वकिलीच्या परीक्षेला बसवले. स्वतःचे कायद्याचे ज्ञान त्यांनी १९०८ साली वापरले. राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. समोर न्यायमूर्ती दावर होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते तेच हे दावर! शिक्षा सहा वर्षांची झाली. पण आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस कायदा जाणतो म्हणजे काय, ते साऱ्या देशाने पाहिले.

सकाळी वर्ग, दुपारी कोर्ट

लॉ कॉलेज म्हटले की पुण्याचे आय.एल.एस. पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. मागे टेकडी, भोवती झाडी, समोरच्या रस्त्याला कॉलेजचेच नाव. तेही मोठे कॉलेज आहे. १९२४ साली निघाले आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर व न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तिथे शिकले. मुंबईच्या कॉलेजला असा ऐसपैस परिसर नाही. चर्चगेटला ‘ए’ रोडवर इमारत, दोन पावलांवर मरीन ड्राइव्ह आणि समुद्र. खरा परिसर म्हणायचा तर तो कॉलेजच्या फाटकाबाहेर सुरू होतो. सकाळचे वर्ग आटोपून मुले ओव्हल मैदान ओलांडतात. समोर राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाची दगडी इमारत. मग फोर्टातल्या कुठल्या तरी वकिलाच्या किंवा सॉलिसिटरच्या ऑफिसात दिवसभर उमेदवारी. सकाळी जे कलम वर्गात ऐकले त्यावरून दुपारी दोन मोठे वकील भांडताना बघायचे. असे शिक्षण दुसरीकडे मिळणे कठीण.

कॉलेजात ‘मूट कोर्ट’ असते, म्हणजे लुटुपुटीचे न्यायालय. काल्पनिक खटला देतात, मुले दोन्ही बाजूंनी तयारी करतात आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतून उलटसुलट प्रश्न येतात. गंमत अशी, की आज ज्या बाजूने भांडलो, उद्या तिच्याच विरुद्ध भांडावे लागते. आमच्या मते हा संस्कार फार मोलाचा आहे. आपल्या घरांतल्या निम्म्या भांडणांत समोरच्याची बाजू एकदा तरी मांडून पाहिली, तर भांडण तिथेच मिटेल.

या पद्धतीला दुसरी बाजूही होती. पूर्वी शिकवणारे बहुतेक चालती वकिली करणारे असत. कोर्टाच्या आधी नाही तर नंतर येऊन तास घ्यायचे आणि जायचे. विद्यार्थ्यांपैकीही पुष्कळ जण नोकरी सांभाळून शिकत. परीक्षा पास झाली, सनद मिळाली, काम झाले. कायद्याचे शिक्षण हा जोडधंदा झाला होता. हे ज्यांना खटकले त्यांच्याविषयी आता थोडे बोलू.

महूचे प्राचार्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मले. वडील सुभेदार रामजी तिथे लष्करी शाळेत शिकवत. पुढे साताऱ्याच्या शाळेत या मुलाला स्वतःचे गोणपाट घेऊन वर्गात वेगळे बसावे लागले. तोच मुलगा १९२८ साली गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक झाला आणि जून १९३५ मध्ये त्याच कॉलेजचा प्राचार्य आणि पेरी प्रोफेसर झाला.

हा काळ जरा नीट पाहा. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्याला आठवडा होतो न होतो तोच बाबासाहेबांनी प्राचार्यपद हाती घेतले. त्याच ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. १९३६ मध्ये जातिसंस्थेवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले आणि स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ मध्ये ते निवडून विधिमंडळात गेले. हे सगळे चालू असताना १९३८ पर्यंत ते कॉलेज चालवत होते. एवढ्या धामधुमीतही १९३६ साली कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याचे शिक्षण सुधारावे कसे, यावर लेख लिहिला. नुसती कलमे पाठ केल्याने वकील घडत नाही, त्याला इतर शास्त्रांचे ज्ञान हवे, विचार करण्याची आणि तो नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय हवी, असा त्याचा रोख होता. खंडपीठाच्या बाकावर बसून आम्ही जे पाहतो, त्याचे उत्तर त्यांनी नव्वद वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

आपल्याकडे म्हण आहे, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ बाबासाहेबांइतका शहाणा माणूस दुसरा कोण? पण ते ती पायरी चढले. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हजारो लोक प्यायले. विरोधकांनी डिसेंबरात दावा लावला, तळे खासगी आहे म्हणून मनाई हुकूम मिळवला. दुसऱ्या सत्याग्रहासाठी माणसे महाडला जमली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले, सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढवला. एक नाही, दोन नाही, दहा वर्षे! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या कॉलेजात मुले कायदा शिकत होती, त्याचे प्राचार्य त्या दिवशी दहा वर्षांचा खटला जिंकले होते. विद्यार्थ्यांना याहून मोठा धडा कोणता असेल?

आम्हाला वाटते, ती म्हण ज्यांच्याजवळ सगळे होते त्यांनी केली. घर, जमीन, मान ज्याच्याकडे आहे त्याला कोर्टात गमावण्याचीच भीती. ज्याला पाण्याचा घोटही नाकारला होता, त्याला कोर्टाची पायरी ही वर जाण्याची पायरी होती.

याच कॉलेजातून पुढे नानी पालखीवाला निघाले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे ते संविधानाच्या बाजूने उभे राहिले. सरन्यायाधीश भगवती इथलेच. गरिबाच्या साध्या पत्राचीही दखल घेणारी जनहित याचिका रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जळगावकडच्या प्रतिभाताई पाटील इथे शिकून राष्ट्रपती झाल्या, सोलापूरचे उदय लळित सरन्यायाधीश झाले. १९२३ च्या कायद्यापर्यंत या देशात बायकांना वकिलीचा निर्विवाद हक्कच नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रतिभाताईंचा प्रवास किती मोठा ते कळते.

आपल्या घरचा प्रश्न

आता थोडे आपल्याविषयी. होळकरांच्या काळापासून आपली घराणी इथे आहेत. कुणी दरबारात होते, कुणी फडावर. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर इथे दिवाण म्हणून आले होते. म्हणजे कायदा जाणणाऱ्या मराठी माणसाची इंदुरात किंमत होती. आज आपल्या घरांत मुलगा इंजिनिअर, नाही तर डॉक्टर, नाही तर सरळ पुणे-बंगळूर. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगी म्हणाली, मला लॉ करायचे आहे. आजी म्हणाली, “अगंबाई, काळा कोट घालून कोर्टात उभी राहणार? मग स्थळ कसं येईल?” काका म्हणाले, “बँकेची परीक्षा दे.” शेवटी मुलीचे वडील एवढेच म्हणाले, “आपल्या वाड्याचे कागद आज कुणाला वाचता येतात, ते आधी सांगा.” घरात कुणालाच उत्तर देता आले नाही. मुलगी आज कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

त्या वडिलांचे म्हणणे आपल्या सर्वांनाच लागू आहे. जुन्या इंदुरातले, राजवाड्याभोवतीचे, रामबागेतले किती वाडे पाच-सात नावांवर अडकून पडले आहेत! नामांतरण झालेले नाही, वाटणीपत्र नाही, मृत्युपत्र केलेले नाही. बहिणींचा हिस्सा विचारायला कुणी तयार नाही आणि द्यायला तर नाहीच. बिल्डरचा माणूस दारात येतो तेव्हा आपण कागद शोधू लागतो.

म्हणून तरुणांना विनंती. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, दोन्ही मार्ग मोकळे आहेत. बंगळूरला १९८७ साली राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वाट निघाली, आपल्या भोपाळला १९९७ साली तसे विद्यापीठ झाले. त्यासाठी ‘क्लॅट’ ही प्रवेश परीक्षा असते. ते नाही जमले तरी इंदुरात शासकीय विधी महाविद्यालय आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालयात कायद्याचे शिक्षण मिळते. मात्र सनदेपुरते शिकू नका. आपल्या महूच्या प्राचार्यांनी सांगितले तसे शिका.

आणि वडीलधाऱ्यांना नम्र विनंती. पावसाळ्यात आपण पातालपाणीला जातो, जानापावला जातो. रस्ता महूवरूनच जातो. पुढच्या खेपेला नातवंडांना घेऊन जन्मभूमी स्मारकाशी गाडी थांबवा. त्यांना सांगा, इथे जन्मलेला एक मुलगा आशियातल्या सर्वांत जुन्या लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. मग नातीने लॉ करीन म्हटले, तर आधी तिचे ऐकून घ्या.



गणपती बाप्पा मोरया!