ओळख पटवणारी माती

मोठ्या माणसांचे पुतळे करणाऱ्या कलावंताला आपल्याकडे जरा कमीच लेखतात. काम मागणीवरचं, पैसा समितीचा आणि कसब हुबेहूबपणाचं, मग यात कलावंताचं स्वतःचं काय, असा आक्षेप असतो. कल्याण-डोंबिवलीच्या सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांच्या कामापुढे तो टिकत नाही, असं मला ठामपणे वाटतं. 1926 साली जन्मलेल्या भाऊंच्या घरी कल्याणला गणपती घडत. गणपतीची ओळख पटवावी लागत नाही, सोंड दिसली की हात जुळतात. माणसाच्या पुतळ्याला ती सोय नाही. तिशीच्या आतच भाऊंनी दिल्लीत, चांदणी चौकातल्या टाउन हॉलजवळ, गांधीजींचा पुतळा उभा केला. गांधीजींना जाऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं त्याच रस्त्यानं जात-येत होती. कुठल्या समितीनं इतकी कडक परीक्षा घेतली असती?

आणि हुबेहूबपणा म्हणजे नुसतं माप नव्हे. कपाळाची रुंदी मोजता येते, नजर कशी मोजणार? ब्राँझला बुबुळाचा काळा रंग नसतो. शिल्पकार तिथं खोलगट खाच घेतो, खाचेत सावली साठते आणि त्या सावलीतून पुतळा पाहू लागतो. खाच किती खोल घ्यायची, हे फोटो सांगत नाही. कुणी म्हणेल, लॉर्ड माउंटबॅटन स्वतःच्या शिल्पासाठी भाऊंसमोर बसले होते, तिथं ठीक, पण गेटवे ऑफ इंडियाजवळच्या 1961 सालच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांचं काय? महाराजांच्या काळातली चित्रं आहेत, पण ती लहान आणि सपाट. चोहोबाजूंनी पाहायचा पुतळा करताना मानेचा कल, पाठीचा ताठपणा, मांडीची पकड, लगामावरचा हात हे सगळं शिल्पकारालाच ठरवावं लागतं. मागणीपत्रात यातलं काही लिहून येत नाही. साम्य ताडून पाहायला कुणी हयात नसताना लोकांनी तो पुतळा आपला मानला, हा भाऊंच्या निर्णयशक्तीचा मला सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

आता स्कॅनरवर चेहरा उतरतो, यंत्र तो फायबरमध्ये काढून देतं, मग शिल्पकार कशाला, असंही विचारतात. पण पुतळे आपण बहुतेक वेळा गेलेल्या माणसांचे उभारतो, त्यांना स्कॅनरसमोर बसवणार कसं? भाऊ 2021 साली गेले. डोंबिवलीच्या शिल्पालयात त्यांची शिल्पं जवळून पाहता येतात. तिथं गेलात तर एखाद्या चेहऱ्याच्या बाजूला उभं राहून डोळ्यांतल्या त्या खाचा जरूर पाहा.