टाकी त्यांची, विहीर आपली



रस्त्याकडेचा तुकडा पेट्रोल पंपाला भाड्याने द्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. कापूस-ज्वारीत काही उरत नाही, म्हणून भाड्याकडे लक्ष जाते. त्यात चूक नाही. पण भाडे ठरवताना जमिनीत पुरायच्या टाकीचाही हिशोब करा.

लोखंडी टाकी गंजते, नळीच्या जोडातून तेल पाझरते. वरून काही दिसत नाही. आपल्या काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली भेगांचा खडक. तेल भेगेभेगेने उतरते आणि पाण्यावर तरंगते. त्यातले बेंझिन पाण्यात विरघळते. त्याने रक्ताचा कर्करोग होतो.

अमेरिकेतल्या सांता मोनिका शहरात पेट्रोलमध्ये मिसळलेले एमटीबीई नावाचे रसायन असेच झिरपून विहिरींत उतरले. १९९६ साली विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे सुमारे निम्मे पाणी गेले. शहर श्रीमंत, त्याने बाहेरून पाणी विकत घेतले, तेल कंपन्यांना कोर्टात खेचले. आपल्याजवळ एकच विहीर. ती नासली तर?

म्हणून कराराआधी विहिरीचे पाणी तपासून घ्या, तो कागद जपून ठेवा. टाकी दुहेरी भिंतीची हवी आणि गळती झाली तर सफाई व भरपाई जागा घेणाऱ्याने द्यायची, हे करारात लिहून घ्या. पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास आला तर माणसाला, जनावराला पाजू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या.

भाडे दरमहा मोजून घ्याल. विहीरही त्याच हिशोबात धरा.