डोक्याला मार लागला म्हणजे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, ते मी कामगार चळवळीवर बोलेन या समजुतीने. मी बोलणार आहे ते डोक्याला लागणाऱ्या माराविषयी. आणि माझ्या मते विषय फारसा बदललेला नाही. मुकुटबनच्या आसपास चुनखडीच्या आणि डोलोमाईटच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, आणि वणीच्या रस्त्यावर ट्रकांमधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली आहेत. डोके फुटावयास याहून अधिक काय पाहिजे? मी डॉक्टर नव्हे. जे सांगतो ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि दवाखान्यांच्या ओट्यांवर रात्री काढून जमविलेले आहे.

रक्त दिसले की आपण धावतो. कपाळाची कातडी फाटली तर सदरा भिजेल इतके रक्त जाते, आणि चार टाक्यांत माणूस बरा होतो. ज्याचे रक्त बाहेर येत नाही, त्याची मात्र आपण चौकशीही करीत नाही. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्तवाहिनी फुटली तर रक्ताला जागा कोठून मिळणार? ते मेंदूलाच दाबत जाते. कानशिलाजवळचे हाड पातळ आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. तेथे तडा गेला की ती फाटते. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, चहा मागतो, बोलतो. सर्वांना हायसे वाटते. तासा-दोन तासांनी तो पेंगू लागतो. मधला हा शहाणपणाचा काळच माणसाचा घात करतो, कारण त्याच वेळी आपण त्याला घरी पाठवितो.

जुन्या क्रिकेटवेड्यांना नरी कॉन्ट्रॅक्टर आठवत असतील. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोस येथे ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्यावर आदळला. तेव्हा हेल्मेट नव्हते. कॉन्ट्रॅक्टर चालत मैदानाबाहेर आले आणि मग त्यांची प्रकृती ढासळली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते, आणि विरुद्ध बाजूचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. १९९८ साली ढाक्याला रमण लांबा फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करीत असता चेंडू लागला. तेही चालत गेले, आणि तीन दिवसांनी वारले. दोघेही चालत गेले, एवढेच ध्यानात धरा.

आता आपल्याकडचे. एका खदानीवर एक हमाल ट्रकवरून खाली पडला. उठला, पण बोलणे अडखळू लागले, पाय लटपटू लागले. मुकादम म्हणाला, "घेतली असेल, झोपू द्या." त्याने घेतलीही होती. पण घेतलेल्या माणसाचे डोके फुटत नाही असा काही नियम नाही. उलट तोच अधिक पडतो. पहाटे त्याला उठवू गेले तो उठेना. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तेथे दारूचा वास हे निदान समजू नये. त्याला दवाखान्यात न्यावे आणि वास डॉक्टरांना सांगावा.

मग ओळखावे कसे? तोच प्रश्न माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, वार आठवत नाही, अपघात कसा झाला हे सांगता येत नाही. डोकेदुखी ओसरण्याऐवजी वाढते. उलट्या एकीवर थांबत नाहीत. झटके येतात. एका बाजूचा हात-पाय ढिला पडतो. डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसतात. नाकातून वा कानातून पाण्यासारखे पातळ द्रव गळते, किंवा कानामागे, दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे पडते. ही कवटीचा तळ फुटल्याची खूण. तान्ह्या मुलाची टाळू फुगते, आणि ते कशानेच शांत होत नाही. यांतले एक जरी दिसले तरी वाट पाहू नये. झोपेविषयी आपल्यात वाद चालतात. झोप स्वतः मारीत नाही. हाक मारून, हलवून जो जागा होत नाही, त्याची भीती.

दवाखान्यात डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: डोळे कशाने उघडतात, उत्तर काय येते, हात-पाय कसे हलतात. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या दोघा डॉक्टरांनी त्यांना गुण लावून दिले. पंधरा सर्वांत चांगले, तीन सर्वांत वाईट. आपण गुण मोजू नयेत, पण या तीन गोष्टी आणि वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी. सी.टी. स्कॅन आणि मेंदूचा शल्यचिकित्सक गावात नसतो. नागपूर गाठावयाचे तर तास मोडतात. म्हणून १०८ ला लगेच फोन करावा. मान वळवू नये, उचलून बसवू नये, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. उलटी होत असेल तर डोके, मान, धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवावे. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

काही मार उशिरा बोलतात. वृद्धांत, दारू पिणाऱ्यांत, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत कवटीखाली रक्त थेंबथेंब साचते आणि तीन-चार आठवड्यांनी म्हातारा तोल जाऊ लागतो, विसरू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. न्हाणीघरात घसरल्याचे कोणाला आठवतही नाही. आणि स्वभाव! शांत माणूस चिडका होतो, हिशेब चुकतो, बायकोच्या अंगावर ओरडतो. डागदराला हे तीच सांगू शकते. तिला 'तुला काय कळते' म्हणून गप्प बसवू नका.

यासाठीच, माझ्या खाण-कारखान्यातल्या बांधवांनो, डोक्याला लागले की किरकोळ वाटले तरी अपघाताच्या वहीत नोंद करा. १९२३ च्या कायद्याने कामगाराला भरपाईचा हक्क प्रथम मिळाला. पण नोंद नसेल तर महिन्याने आलेल्या झटक्याचा संबंध त्या पडण्याशी जोडून दाखविताना वकिलाचा घाम निघतो. ठेकेदार म्हणेल, सुट्टी घे, लिहायचे कशाला? लिहा. तारीख, वेळ, किती उंचीवरून पडला, किती वेळ शुद्ध नव्हती, उलट्या किती झाल्या, आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या सह्या, न येईल त्याचा अंगठा.