अहवालात ‘सूज’ लिहिण्यापूर्वी



कर्करोगाशी विदर्भाची ओळख जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 मध्ये याच आजारानं गेले, आणि नागपूरचं कर्करोग रुग्णालय त्यांच्याच नावानं चालतं. 1947 पासूनचं ‘मेडिकल’ आणि त्याहून जुनं ‘मेयो’ या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या दारी गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याचे रुग्ण येतात. कोणाचं पोट दुखतं, कोणाला काळी शौच होते. बहुतेकदा अल्सर निघतो. फार क्वचित निघते प्लाझ्मा पेशींची गाठ.

प्लाझ्मा पेशी शरीराची प्रतिपिंडं बनवतात. त्यांचा कर्करोग सहसा अस्थिमज्जेत पसरतो, तो मायलोमा. हाडाबाहेर एकटीच वाढलेली गाठ या गटातल्या आजारांत जेमतेम 3 ते 5 टक्के, त्यातही बहुतेक नाक-घशातल्या. जठर आणि आतड्यांच्या वाट्याला अगदी थोड्या येतात.

खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली आहे. निरोगी आतड्याच्या अस्तरातही प्लाझ्मा पेशी असतातच: केंद्रक एका कडेला सरकलेलं, त्यातलं क्रोमॅटिन घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं कडेनं मांडलेलं. बायोप्सीचा तुकडा लहान आणि टेबलावर स्लाइडांचा ढीग असला की ‘जुनाट सूज’ असा शेरा सहज पडतो. म्हणून प्रतिपिंडांतल्या कप्पा आणि लॅम्डा या साखळ्यांची तपासणी हवीच. सुजेत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, गाठीत एकाच प्रकारच्या. प्लाझ्मा पेशींकडे झुकणारा लिम्फोमाही हुबेहूब असाच दिसू शकतो, हे आज आलेल्या तरुण निवासी डॉक्टरांनी विशेष ध्यानात ठेवावं.

निदान झालं तरी काम संपत नाही. रक्ता-लघवीतलं प्रथिन, अस्थिमज्जा आणि स्कॅन तपासून गाठ खरोखर एकटीच आहे ना, ते पाहावं लागतं. एकटी असेल तर शस्त्रक्रिया किंवा साधारण 40 ते 50 ग्रे किरणोपचारांनी रुग्ण बरा होण्याची चांगली आशा असते. मायलोमा असेल तर सारी दिशाच बदलते. एकट्या गाठीनंतरही पुढं मायलोमा होऊ शकतो, म्हणून तपासण्या वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात. शेतीची कामं सोडून, बसचं भाडं भरून येणाऱ्या रुग्णाला त्या का हव्यात, हे त्याच्या भाषेत समजावणं हाही उपचारच आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी 1941 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची प्रयोगशाळा घडवली, आणि कर्करोगाच्या निदानाला भारतात पक्का पाया मिळाला. तोच काटेकोरपणा विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचावा, अशी स्वागत समितीची इच्छा आहे. शंका आलेली स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक नागपूरला पाठवायची पक्की व्यवस्था काय असावी, यावर प्रतिनिधींनी दुपारच्या सत्रात बोलावं आणि निघण्यापूर्वी तिचा आराखडा ठरवावा.