ऐकू येणे हाही हक्कच आहे
(संस्थेच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून आहोत. पेन्शनच्या आठवड्यात आमच्या काउंटरवर पारनेरकडील एक निवृत्त गृहस्थ येत. त्यांना ऐकू कमी येते. आम्ही आवाज चढवून त्यांची शिल्लक सांगत असू आणि ती रांगेतल्या साऱ्यांना कळत असे. एके दिवशी त्यांनी खिशातून कागद-पेन काढून आमच्यापुढे ठेवले व म्हणाले, "साहेब, ओरडू नका, लिहून द्या." इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी साधी गोष्ट आम्हांस सुचली नव्हती. त्या लाजेपोटीच आम्ही कायदा वाचावयास घेतला.

अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली कायदा झाला. त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. दोन्ही कानांनी ७० डेसिबलपर्यंत ऐकू न येणारे ते बधिर आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असणारे ते ऐकू कमी येणारे, असे तो मानतो. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. पहिल्यांपैकी पुष्कळांना सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो. दुसऱ्यांना स्वच्छ आवाज किंवा पडद्यावर उमटणारे शब्द लागतात.

सभागृहात तारेचे वेढे बसवून माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचविता येतो. यंत्रात 'टी'ची सोय असेल, तर पंख्याचा व गर्दीचा गोंगाट वगळून वक्त्याचे शब्द तेवढे ऐकू येतात.

कायद्याचे कलम ४५ सांगते की, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्व जुन्या सार्वजनिक इमारती सुगम झाल्या पाहिजेत. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केले की, सुगमतेचे मानदंड हे ऐच्छिक सल्ले असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत. त्यापूर्वी जानेवारी २०२३ मध्ये काही दिव्यांग व्यक्ती 'पठाण' चित्रपटासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ओटीटीवरील प्रदर्शनासाठी मथळे व ध्वनिवर्णनाचा आदेश मिळविला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे काढली. मागितल्याशिवाय हे घडले नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग आपण अहिल्यानगर जिल्ह्यात काय करावे? नाट्यगृह असो, बसस्थानक असो वा तहसील कचेरी, प्रथम तेथील प्रमुखास साधा लेखी अर्ज द्यावा. कोणती सोय हवी ते नेमके लिहावे: पुकाऱ्याबरोबर क्रमांकाचा फलक, सभेत दुभाषा, पडद्यावर शब्द. अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी.   तेथे दाद न लागल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जावे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. आणि हो, चाळीस टक्क्यांचा दाखला आरक्षणासारख्या लाभांसाठी लागतो. "लिहून द्या" म्हणण्यासाठी तो लागत नाही.

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. कायद्यातील 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत खासगी इमारतीही येतात आणि धार्मिक कार्यासाठी लोक जेथे जमतात त्याही येतात. म्हणजे आपले विहारही आले! पौर्णिमेच्या प्रवचनात पहिल्या रांगेतील आजी मान डोलावतात, त्यांना किती ऐकू येते हे आपण कधी विचारले आहे काय? दुसऱ्याच्या दारी अर्ज घेऊन जाण्यापूर्वी आपल्या दारापासून आरंभ करू या. वक्त्याच्या तोंडावर उजेड असावा, माइकशिवाय कोणी बोलू नये, एका वेळी एकानेच बोलावे आणि प्रवचनाचा गोषवारा फळ्यावर लिहावा. यास खर्च जवळजवळ नाही. तारेच्या वेढ्यासाठी पुढील वर्षी निधी काढू.

बाबासाहेबांनी आपणांस संविधानाने समतेचा हक्क दिला. जो सभेत बसूनही सभेबाहेर राहतो, त्याला आत घेणे हे त्याच हक्काचे पालन होय.