उपदेशाने न टळणारा रोग

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संसर्ग लैंगिक संबंधातून होणारा असला, की समाज त्याचे कारण चारित्र्यात शोधतो आणि उपायही उपदेशात पाहतो. ही समजूत किती पोकळ आहे याचा पुरावा पुण्यातच मिळाला. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची पाहणी केली. त्यांत देहविक्रयाचा व्यवसाय नसलेल्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही आढळला. यांतील बहुतेकींचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशीच, आलेला होता.

एकनिष्ठेचा उपदेश या स्त्रियांना कोणी काय करावा? त्या ती आधीच पाळीत होत्या. निरोध वापरण्याचा निर्णय दोघांचा, असे पत्रकात छापणे सोपे आहे. पण जिच्या नावावर ना मिळकत, ना राहते घर, तिने हा विषय काढला तर संशय उलट तिच्यावरच यावयाचा. अर्थशास्त्रात जिला सौदाशक्ती म्हणतात तिचा अभाव हेच या रोगाचे वाहन होय.

याच्या उलट चित्र सांगलीत दिसते. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’च्या कामात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच एकमेकींना निरोध वाटू लागल्या आणि १९९६ मध्ये ‘व्हॅम्प’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. एकटीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सगळ्यांनी दिला तर त्याला अट मानावीच लागते. गिरणी कामगाराला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. घरातल्या पत्नीला मात्र अशी युनियन नाही.

तिच्यासाठी दुसरी वाट विज्ञानाने दाखविली. नऊ देशांत झालेल्या, पुणे हेही ज्याचे एक केंद्र होते अशा, चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बाधित जोडीदारास लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्यास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे १,७६३ जोडप्यांत दिसून आले. उपचार हाच प्रतिबंध ठरला. मग प्रश्न उरतो तो औषधाच्या किमतीचा. वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाणारी औषधे २००१ मध्ये सिप्लाने ३५० डॉलरला देऊ केली. औषधावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर एकस्व देणारा १९७० चा कायदा नसता तर हे घडते ना. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली.

रक्तावाटे पसरणाऱ्या विषाणूंची कथाही निराळी नाही. पोटासाठी रक्त विकणारा आपला आजार सांगत नाही; सांगितला तर त्या दिवसाची भाकरी जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची ही विक्री बंद झाली.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या चौदाव्या कलमात तपासणी व औषधोपचार ‘शक्य असेल तेथवर’ पुरविण्याची तरतूद आहे. राज्यसभेत या शब्दांना आक्षेप घेण्यात आला. ते तसेच राहिले. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर महिनाभराहून अधिक काळ धरणे धरून बसलेल्या रुग्णांना या तीन शब्दांचा अर्थ कळला.