हिब्रू भाषेतील देवाची नावे



आमच्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार भरतो. गाडी भरताना, पट्टी करताना दिवसातून पन्नास वेळा गावाचे नाव तोंडी येते. पण ते नाव घेताना आपण रेणुकाआईचेही नाव घेतो आहोत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. नाव फार वापरले, की त्याचा अर्थ झिजून जातो. मग तो पुन्हा उकलून पाहावा लागतो.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे एक नाव घ्या. जालना शहराजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी धर्मोपदेशकांनी ती वसवली. बेथेल हा शब्द हिब्रू आहे, म्हणजे यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मभाषेतला. 'बेथ' म्हणजे घर आणि 'एल' म्हणजे देव. बेथेल म्हणजे देवाचे घर. याकोब नावाचा एक वाटसरू दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपला, त्याला स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली, आणि त्या माळरानाला त्याने हे नाव दिले, अशी बायबलातली कथा आहे.

हा 'एल' आपल्याला वाटतो तितका परका नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या शाळेत गेल्यावर हजेरीपट उघडून बघा. त्यात एखादा इस्माईल असेल. 'देव ऐकतो' असा त्या नावाचा मूळ अर्थ. दानिएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश'. इम्मानुएल म्हणजे 'देव आमच्यासंगे'. शेवटचा 'एल' किंवा 'ईल' म्हणजे देवच. म्हणजे हजेरी घेता घेता आपण रोज थोडे हिब्रू बोलत असतो!

दुसरे नाव 'एलोहीम'. हिब्रूत 'ईम' हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे. पण बायबलाच्या पहिल्याच वाक्यात एलोहीमने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली असे सांगताना क्रियापद मात्र एकवचनी आहे. आपण 'गुरुजी आले' म्हणतो, तेव्हा आदरासाठी क्रियापदही अनेकवचनी करतो. हिब्रूने नाम मोठे केले आणि क्रियापद एकवचनीच ठेवले. रूप अनेकवचनी असले तरी बोलणे एकाच देवाविषयी आहे, हे क्रियापदावरून कळते. एलोहीमचे एकवचन 'एलोह', आणि अरबीतला 'इलाह' हा त्याचाच भाऊबंद.

आता सर्वांत पवित्र नाव. ते चार अक्षरांचे आहे : य, ह, व, ह. 'असणे' या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. जो आहे, तो. हिब्रू धर्मग्रंथात हे नाव साडेसहा हजारांहून अधिक वेळा येते. आणि तरी यहुदी माणूस ते कधीही उच्चारत नाही! प्रार्थनेत त्या जागी तो 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असे म्हणतो. साध्या बोलण्यात 'हा-शेम' म्हणतो, म्हणजे नुसते 'ते नाव'.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पुस्तकातले कळणे वेगळे. काही वर्षांपूर्वी अलिबागकडे एका बेने इस्राएल गृहस्थांच्या घरी गेलो होतो. बेने इस्राएल म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वी कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आजोबांनी प्रार्थनेचे पुस्तक माझ्यासमोर ठेवले. मला विद्वत्ता दाखवायची हौस आली. ती चार अक्षरे दिसताच मी ती मोठ्याने वाचली. आजोबांनी पुस्तक हळूच मिटले. रागावले नाहीत. म्हणाले, "सर, तिथं अदोनाय म्हणायचं. ते नाव वाचण्यासाठी नाही, थांबण्यासाठी आहे." मी एम.ए. झालेला माणूस, पण त्या दिवशी खरा पाठ घेऊन घरी आलो.

'यहोवा' हे रूपही या संकोचातूनच तयार झाले. हिब्रूत मुळात व्यंजनेच लिहीत. उर्दू वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, की जेर, जबर न देताही मजकूर लिहिता येतो, तसेच ते. पुढे पंडितांनी स्वरचिन्हे बसवली, तेव्हा त्या चार अक्षरांना 'अदोनाय'ची चिन्हे दिली, अशासाठी की वाचणाऱ्याला आठवण राहावी. युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांनी एकाची व्यंजने आणि दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचले, आणि 'यहोवा' हे रूप झाले. प्रचलित मराठी बायबलात एलोहीमसाठी 'देव' आणि त्या चार अक्षरांसाठी 'परमेश्वर' असे शब्द योजले आहेत. पंडिता रमाबाईंनी तर उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साऱ्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्या 1922 साली वारल्या आणि ग्रंथ 1924 साली केडगावच्या मुक्ति मिशनने छापला.

कोणी म्हणेल, नाव न घेण्याची ही कसली रीत? पण आपल्याकडे तरी काय आहे? जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. घेतले तर उखाण्यात, सणावाराला. आपण शाळेत गुरुजींना नावाने हाक मारली होती का? पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. देवाचे नाव असलेला जीर्ण कागद यहुदी लोक जाळीत नाहीत, फेकीत नाहीत. जपून ठेवतात आणि मग पुरतात. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, अशी त्यांना आज्ञाच आहे. बाजारात दहा रुपयांसाठी आपण 'देवाशपथ', 'आईशपथ' म्हणून मोकळे होतो, तेव्हा ही आज्ञा आपल्यालाही ऐकण्यासारखी आहे.

आणि तरी देव दूरच राहिला असे नाही. बेने इस्राएल घरांत नवसाला पोहे, खोबरे, गूळ, फळे यांचा 'मलिदा' करतात आणि एलियाहू पैगंबराचे स्मरण करतात. एलियाहू म्हणजे 'माझा देव याहू'. एल आणि त्या चार अक्षरी नावाचे संक्षिप्त रूप, दोन्ही या एका नावात आहेत. जे पूर्ण नाव ओठांवर आणायचे नाही, त्याचा तुकडा माणसाच्या नावात मात्र गुंफायचा!

मुंबईत 1796 साली समाजी हसाजी दिवेकर यांनी या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. 'रहमीम' म्हणजे दया. आपल्या गावातले रहीम आणि रहमान ही नावे त्याच कुळातली. आणि हिब्रूत 'रेहेम' म्हणजे आईचे गर्भाशय! देवाच्या दयेला शब्द शोधताना त्या भाषेला आईचे पोट आठवले. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात. आमच्या गावाने तर आपल्या नावातच 'आई' ठेवली आहे.

1948 नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण इस्राएलला गेले. थोडे इथेच राहिले. तिकडे गेलेल्यांच्या घरांतही मराठीचे शब्द अजून ऐकू येतात. नावे माणसांबरोबर प्रवास करतात, ती अशी.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचा अर्थ घरून विचारून यायला सांगा. एक दिवस हजेरी थोडी सावकाश घ्या. ज्याच्या नावाला वर्ग हसतो, त्याचाही अर्थ सर्वांनी ऐकावा. अर्थ कळला की हसणे आपोआप थांबते, हा माझा अनुभव आहे.